कूर्मदासाचा निरोप



कीर्तनसेवेत माझी ४० वर्षे गेली. आता वयाची पंचाहत्तरी जवळ आली आहे आणि सेवा थांबली आहे. ती का थांबली, ते पुढे सांगेनच. आज या पानांवर एका कथेचे परीक्षण करावे असे मनात आहे. कथा महिपतीबोवांची आहे, पण परीक्षण त्यांच्या ग्रंथाचे नाही. त्यांची कथा आम्ही कीर्तनकार मंडळी ज्या रीतीने सांगत आलो, त्या रीतीचे हे परीक्षण आहे. त्यात पहिला दोषी मीच आहे, म्हणून दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याचा प्रश्न येत नाही.

ताहाराबादच्या महिपतीबोवांनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यात पैठणच्या कूर्मदासाची कथा आहे. आपण सर्वांनी ती ऐकली आहे. जन्मतः हातपाय नसलेला हा भक्त. कीर्तनात पंढरीचा महिमा त्याच्या कानी पडला आणि त्याने ठरवले की आपण पंढरीला जायचे. चालायला पाय नाहीत, तेव्हा तो जमिनीवरून लोळत, खुरडत निघाला. वाटेत मुक्कामाला त्याच्या मुखी अन्न घालणारा कोणी भेटत गेला. कथा सांगते की सावकाराच्या वेषात तो देवच होता. असे करत करत तो लऊळपर्यंत आला. हे लऊळ आज सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात आहे आणि तेथे कूर्मदासांचे मंदिर आहे. तेथून पंढरी जवळ राहिली होती. पण एकादशीही जवळ आली होती आणि शरीर पुढे सरकेना. तेव्हा कूर्मदासाने पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांजवळ निरोप दिला, “माझ्याने येववत नाही, देवाला सांगा, त्यानेच येऊन भेटावे.” वारकऱ्यांनी निरोप पोहोचवला. देव निघाला. बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव होते. वाटेत अरणला सावता माळ्याच्या मळ्यात देव काही काळ लपला, तो याच प्रवासात. मग देव लऊळला आला आणि कूर्मदासाला भेटला.

आता ही कथा मी कशी सांगत असे, ते ऐका. माझा सगळा जोर ‘लोळत निघाला’ या दोन शब्दांभोवती असे. खडकाळ वाट, उन्हाचा ताव, सोलवटलेले अंग, असे वर्णन करता करता मृदंग चढायचा, श्रोत्यांचे डोळे भरायचे. मग मी एकदम थांबून विचारायचो, “त्याला हातपाय नव्हते, तरी तो निघाला. तुम्हाला देवाने धडधाकट शरीर दिले आहे, तुमची काय सबब आहे?” माना खाली जात. कीर्तन रंगले असे लोक म्हणत. मलाही तसेच वाटे.

सावकाराने भरवलेला घास मी एका वाक्यात उरकत असे. लऊळचा मुक्काम आणि निरोप हे तर मला देवाच्या आगमनाकडे नेणारे नुसते पायऱ्यांचे दगड वाटत. त्यावर पाय देऊन मी वर चढत असे, पण तेथे थांबत कधी नसे. कथेत जिद्द तेवढी ठेवायची आणि मदत वगळायची, अशी ही माझी रीत होती. ही रीत माझ्या एकट्याची नाही. आपण बहुतेक कीर्तनांत कूर्मदास असाच ऐकला असेल.

या रीतीने काय घडते, ते मी स्वतःच्या फडात पाहिले आहे.

आमच्या फडात एक टाळकरी होता. वयाने माझ्याहून बराच लहान, गळा गोड, ताल पक्का. पण सप्ताहात पहाटेच्या काकड्याला त्याचा टाळ कधी वाजायचा नाही. एक तर यायचाच नाही, किंवा आला तरी हात उपरण्याखाली घेऊन मागे बसून राहायचा. आणि हाच गडी रात्रीच्या कीर्तनात मात्र पावली घ्यायचा, टाळ घुमवायचा. मंडळी कुजबुजत असत. मीही मनात धरले होते. एकदा सप्ताहात मला कूर्मदासाचे चरित्र लावायचा प्रसंग आला. लोळत निघालेल्या भक्ताचे वर्णन झाले, माना खाली गेल्या, आणि त्या भरात मी मागे वळून त्या टाळकऱ्याकडे पाहत बोललो, “हातपाय नसलेला पंढरीला निघतो, आणि आमच्यातले काही हातपाय असून काकड्याला उठत नाहीत. रात्री नाचायला बळ असते, पहाटे कुठे जाते?” सभा हसली. त्याने टाळ खाली ठेवला नाही, चाल पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी मात्र तो फड सोडून गेला. मी त्याची चौकशी केली नाही. आळशी माणूस गेला, असे म्हणून मी मोकळा झालो.

पुढे कळले की त्याला रक्तातला संधिवात होता. या दुखण्यात हातापायांचे लहान सांधे पहाटे आखडलेले असतात. मूठ वळत नाही, शर्टाची गुंडी लागत नाही. तास दोन तास गेले, अंग थोडे हलले की सांधे मोकळे होतात. म्हणून तो रात्री नाचे आणि पहाटे बसून राही. सूज फार नसली तर पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. मी जे ढोंग समजलो, ते त्या रोगाचे लक्षण होते.

हे कळल्यावर मला वाईट वाटले, नाही असे नाही. पण आपण चुकलो हे कळणे वेगळे आणि ते स्वतःच्या अंगावर येणे वेगळे. साठी उलटल्यावर ते माझ्या अंगावर आले.

सुरुवात डोळ्यापासून झाली. संध्याकाळी उजव्या डोळ्याची पापणी खाली येऊ लागली. ज्ञानेश्वरी वाचताना एका ओवीच्या दोन ओव्या दिसत. वयाचा दोष म्हणून मी चष्मा बदलला. मग गळ्यावर आले. कीर्तनाचा पूर्वार्ध ठीक जायचा, पण तासाभराने आवाज नाकातून येऊ लागे, जीभ जड होई, ‘विठ्ठल’ म्हणताना ‘ठ्ठ’ नीट उमटेना. प्रसादाला बसलो की भाकरी चावता चावता जबडा थकून जायचा. आणि रात्रभर झोप झाली की सकाळी सगळे स्वच्छ! काकड्याला माझा आवाज असा खणखणीत लागायचा की कालचे मला स्वतःलाच खरे वाटत नसे. मग दुसऱ्याला ते काय वाटणार?

दुसऱ्याला काय वाटले, तेही सांगतो. रात्रीच्या कीर्तनात जीभ अडखळते, डोळे अर्धवट मिटलेले असतात, हे पाहून एका गावात बोलवा उठली की बुवा दारू घेतात. गळ्यात तुळशीची माळ, घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी, आणि लोक हे बोलतात. त्या वेळी मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होते. “मला काहीतरी दुखणे आहे, दमलो की जीभ वळत नाही,” एवढेच सांगायचे होते. पण मी सांगितले नाही. घसा बसला आहे, प्रवास फार झाला, असे म्हणत राहिलो. निरूपण आखडते घेऊ लागलो, टाळकऱ्यांना चाली जास्त म्हणायला लावू लागलो, आणि शेवटी तारखा घेणेच बंद केले. दारुड्या म्हणवून घेणे मला चालले, आजारी म्हणवून घेणे चालले नाही. याचे कारण मी पुष्कळ शोधले. ज्याने ४० वर्षे लोकांना ‘तुमची काय सबब आहे’ असे विचारले, त्याला स्वतःची अडचण सबबीसारखीच वाटणार. मी दुसऱ्यांसाठी केलेले कीर्तन माझ्याच कानात बसले होते.

शेवटी मुलाने धरून पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पापणीवर बर्फाची पिशवी दोन मिनिटे ठेवली, आणि काढली तर पापणी वर आलेली. मग रक्ताची तपासणी, छातीचे स्कॅन वगैरे झाले. दुखण्याचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. डॉक्टर समजावून सांगू लागले. स्नायू धड असतात, नसाही धड असतात. नसेच्या टोकातून एक रसायन सुटते, ते स्नायूला हलण्याची आज्ञा देते. पण शरीराची स्वतःचीच रक्षक द्रव्ये चुकून स्नायूवरची ती आज्ञा घेणारी जागा अडवतात आणि मोडतात. पहिल्या काही वेळा आज्ञा पोहोचते, पुन्हा पुन्हा तेच काम केले की पोहोचेनाशी होते. विश्रांतीने पुन्हा पोहोचू लागते. मी विचारले, “म्हणजे निरोप निघतो, पण पोहोचत नाही?” ते म्हणाले, “अगदी बरोबर बोललात.”

सज्जनहो, त्या दिवशी परतीच्या गाडीत मला लऊळ आठवले. इतकी वर्षे ज्या शब्दावरून मी पाय देऊन पुढे जात होतो, त्या ‘निरोप’ शब्दाशी मी पहिल्यांदा थांबलो. घरी येऊन कथा पुन्हा वाचली. तेव्हा जे दिसले, ते आता शास्त्रीय रीतीने, पूर्वपक्ष मांडून सांगतो.

पहिला पूर्वपक्ष असा की भक्ताने अयाचित असावे, मागणे हे उणेपण आहे. तुकोबांनी भिकेच्या लाचार जिण्याचा कडक धिक्कार केला आहे, हे प्रमाण आम्ही नेहमी पुढे करतो. प्रमाण खरे आहे, पण लावले चुकीच्या ठिकाणी. तुकोबांचा राग देवाच्या नावावर पोट भरणाऱ्यावर आहे, अडलेल्यावर नाही. त्याच गाथेत करुणापर अभंगांची केवढी रास आहे ती पाहा! आपले अपुरेपण, भय, असहायता त्यांनी किती उघडपणे सांगितली आहे. ज्याच्या वैराग्याचा दाखला देऊन आपण रोग्याला गप्प करतो, तो स्वतः गप्प बसलेला नाही. लाचारी म्हणजे दुसऱ्याला खूश करून आपला लाभ साधणे. निवेदन म्हणजे आहे ते आहे तसे सांगणे. नवविधा भक्तीत शेवटची पायरी आत्मनिवेदनाची आहे. त्याचा शास्त्रार्थ आत्मसमर्पण हा आहे, हे मी जाणतो. पण आपली अवस्था सांगायलाच जो लाजतो, तो समर्पण कशाचे करणार?

दुसरा पूर्वपक्ष प्रारब्धाचा. रोग हे प्रारब्ध, ते भोगूनच संपवावे. हा सिद्धांत मी नाकारत नाही. पण तो स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी आहे, दुसऱ्याच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही. शिवाय तर्क पूर्ण करा. माझा रोग प्रारब्धाने आला असेल, तर त्या वेळी शेजारी उभा असलेला माणूसही प्रारब्धानेच तेथे उभा आहे. त्याचा हात घेऊ नये असे कोणत्या ग्रंथात लिहिले आहे? आणि आम्ही बुवा मंडळी चष्मा लावून पोथी वाचतो, दात पडले तर कवळी बसवतो, तेव्हा प्रारब्ध कोठे जाते? जे दुखणे दिसते त्याला उपाय, आणि जे दिसत नाही त्याला उपदेश, असा हा न्याय झाला.

तिसरा पूर्वपक्ष थोडा सूक्ष्म आहे. तो म्हणतो, संतांनी मागितले ते देवाजवळ, माणसाजवळ नव्हे. येथे कूर्मदासाचीच कथा उत्तर देते. त्याचा निरोप देवासाठी होता, पण तो दिला माणसांजवळ. वारकऱ्यांना थांबवून, तोंडाने बोलून दिला. त्या वारकऱ्यांनी काय म्हटले असते तर कथा तेथेच संपली असती? “अरे, पैठणहून इथवर आलास, आता एवढ्याने काय होतेय? अजून थोडा जोर लाव.” हे वाक्य आपल्याला ओळखीचे आहे. दीर्घ आजाराच्या प्रत्येक माणसाने ते ऐकले आहे. “काल तर चांगले होतात.” “सकाळी तर हिंडत होतात.” लऊळच्या वाटेवरचे वारकरी असे बोलले नाहीत. त्यांनी त्याचे शरीर तपासले नाही, त्याच्या भक्तीचीही परीक्षा घेतली नाही. तो ‘येववत नाही’ म्हणाला, ते त्यांनी खरे धरले आणि निरोप नेला. माझ्या मते या कथेत त्यांची भक्ती कूर्मदासाच्या भक्तीहून कमी नाही. आम्ही कीर्तनात त्यांना एक ओळही देत नाही.

चौथा पूर्वपक्ष रोग्याच्या स्वतःच्या मनात असतो. ‘ज्यांचे माझ्यावर प्रेम आहे, त्यांना न सांगता कळले पाहिजे. सांगून मिळालेली मदत ती मदतच नव्हे.’ मी कितीतरी महिने हेच धरून बसलो होतो. घरात सूनबाई ताटात कडक भाकरी वाढायची आणि मी मनात म्हणायचो, हिला माझा जबडा दिसत नाही का? दिसत नव्हताच! दिसावे कसे? नाथमहाराजांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतले गंगोदक पाजले, ते खरे. पण त्या गाढवाची तहान वाळवंटात उघड दिसत होती. न दिसणाऱ्या दुखण्याला शब्दाशिवाय वाट नाही. आणि सगळ्यात मोठे प्रमाण कूर्मदासाच्या कथेतच आहे. देव सर्वज्ञ आहे. वाटेत घास भरवणाराही तोच होता. तरी कथा त्याला निरोपाची वाट पाहायला लावते. निरोप पोहोचल्यावर देव पंढरीतून निघतो. सर्वज्ञ देवासाठी जर कथाकाराने निरोप आवश्यक धरला, तर आपल्या सुनेकडून, मुलाकडून, शेजाऱ्याकडून न सांगता ओळखण्याची अपेक्षा धरणे हा देवाहून त्यांच्यावर जास्त भार टाकणे झाले.

तेव्हा सिद्धांत असा की कूर्मदासाची कथा जिद्दीची आहेच, पण ती जिद्द जेथे संपते तेथून पुढचीही आहे. तो निघाला म्हणून भक्त, आणि थांबून सांगितले म्हणूनही भक्तच. जो हे दुसरे वगळून पहिले सांगतो, तो अर्धी कथा सांगतो. आणि ही अर्धी कथा आजारी श्रोत्याच्या पदरी काठीच्या माराखेरीज काही टाकत नाही.

येथे एक भेद मात्र मान्य केला पाहिजे. कूर्मदासाचे उणेपण डोळ्यांना दिसत होते. त्याचे शरीरच अर्धा निरोप सांगत होते. ज्याचे दुखणे दिसत नाही, त्याला पुरा निरोप तोंडाने द्यावा लागतो. अशा माणसाला मी जनाबाईकडे पाठवीन. तिच्या थकव्याची कोणाला दखल होती? घरची दासी, तिने काम करायचेच. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही तिचे जाते दाखवतात. तिच्या अभंगांत देव तिच्या मदतीला येतो, हे आपण कौतुकाने सांगतो. पण टीकाकाराच्या दृष्टीने पाहा, ती मदत किती नेमकी आहे! दळण, कांडण, पाणी, धुणे, शेण्या वेचणे, केस विंचरणे. ‘माझे भले कर’ असे मोघम काही नाही. एकेक काम नावानिशी. कीर्तनात आम्ही यावर ‘पाहा, देव भक्ताचा दास झाला’ म्हणून देवाचे औदार्य गातो. जनाबाईचे शहाणपण मात्र सुटून जाते. कोणते काम जड जाते, हे तिला ठाऊक आहे आणि ते सांगायला ती लाजत नाही.

माझ्या अनुभवाने सांगतो, मोघम मागणे ऐकणाऱ्यालाही कठीण जाते. “मला बरे नाही, जरा सांभाळून घ्या,” असे म्हटले की घरचे घाबरतात, किंवा चार दिवसांनी विसरतात. मी जनाबाईची रीत धरली. सूनबाईला म्हणालो, “रात्रीची भाकरी मला दुधात कुस्करून दे. माझ्या गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने वाढ, तेव्हा गिळायला सोपे जाते.” ती म्हणाली, “एवढंच होय मामंजी? मग इतके दिवस बोलला का नाहीत?” मुलाला सांगितले की संध्याकाळी सातनंतर मला फोन देऊ नकोस, सकाळी दे. गावातल्या डॉक्टरांना चिठ्ठीच लिहून दिली, कारण काही प्रतिजैविके आणि इतर काही औषधे या दुखण्यात घातक ठरतात. ती चिठ्ठी माझ्या खिशात कायम असते. आणि घरच्यांना हेही बजावून ठेवले आहे की गिळता येईनासे झाले किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर ‘बुवा सकाळी बरे होतील’ म्हणून थांबायचे नाही, त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्यायचे. एवढे सगळे सांगायला मला एक दुपार लागली. ती दुपार यायला मात्र दोन वर्षे गेली.

आता ऐकणाऱ्याचा धर्म. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे विवेचन किती विस्ताराने केले आहे, ते आपण जाणता. पाऊल कसे टाकावे, दृष्टी कशी असावी, आणि बोलणे कसे असावे, येथपर्यंत ते जातात. कोणाच्या मनाला धक्का लागू नये म्हणून बोलण्याआधीच भिणारा माणूस त्यांनी उभा केला आहे. मी हे प्रकरण कितीदा तरी निरूपिले. आणि त्याच तोंडाने भर सभेत एका आजारी टाळकऱ्याला हसवून घेतले. कोणी आपल्याला येऊन म्हणाले की माझ्याने होत नाही, तर पहिला प्रश्न ‘दिसत तर नाही’ हा नसावा. ज्याने आयुष्यभर न दिसणाऱ्याला हात जोडले, त्या वारकऱ्याने तरी दिसत नाही म्हणून नाहीच असे म्हणू नये. ‘कोणते काम जड जाते?’ एवढे विचारावे. जमेल ते करावे, जमणार नसेल तर तसे सांगावे. त्यानेही माणूस दुखावत नाही, जितका अविश्वासाने दुखावतो.

आणि हे आपल्याला नवीन शिकायचे आहे असेही नाही. सप्ताहातला वीणा पाहा. सात दिवस तो खाली ठेवायचा नसतो. पण म्हणून तो एकाच गळ्यात सात दिवस राहत नाही. पहारे लावलेले असतात. पहिल्याचा पहारा संपला की दुसरा येतो, नमस्कार करतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. देणारा ‘मी दमलो’ याचा पुरावा देत नाही, घेणारा तो मागत नाही. कीर्तनाचेही तेच. निरूपण करून बुवांचा श्वास सरला की मागून टाळकरी चाल उचलतात, तेवढ्यात बुवा श्वास घेतात. या मदतीवर तर आमचे कीर्तन उभे असते. तरी ‘बुवांनी दोन तास कीर्तन केले’ असेच लोक म्हणतात, आणि बुवाही तसेच समजतात.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. दुखण्याचे निदान झाल्यावर मी त्या टाळकऱ्याच्या गावी गेलो. सकाळी नऊ वाजता पोहोचलो आणि मुद्दाम देवळात तासभर बसून मग त्याच्या घरी गेलो, कारण आता मला त्याची सकाळ ठाऊक होती. त्याने पाया पडायला वाकण्याआधीच मी म्हणालो, “त्या दिवशी मी चुकलो. भर कीर्तनात चुकलो, म्हणून हे चार लोकांत सांगायला हवे. ते मी सांगेन.” तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बुवा, मला काकड्याला यायचं नसायचं असं नव्हतं. पहाटे टाळाची दोरी बोटात बसायची नाही. सांगावं असं खूप वाटायचं. पण तुम्ही कूर्मदास लावला, मग काय सांगणार?”

या एका वाक्यात माझ्या कीर्तनाचे जे परीक्षण झाले, तसे कोणा पंडिताने केले नव्हते. हा लेख म्हणजे त्या वाक्यावरचे माझे भाष्य आहे, आणि चार लोकांत सांगेन म्हणून त्याला दिलेला शब्दही.

मग त्याने विचारले, “तुमचं कसं चाललंय?” जुनी सवय उसळून आली. ‘पांडुरंगाची कृपा आहे’ म्हणून मी सुटणार होतो. पण म्हणालो, “संध्याकाळी डोळ्यांनी पोथी वाचवत नाही. एकादशीला तू येऊन वाचशील का?” सज्जनहो, शेकडो लोकांपुढे उभे राहून बोलायला मला कधी भीती वाटली नव्हती. हे एक वाक्य बोलताना मात्र हात थरथरला.

तो येतो. एकादशीला दुपारच्या गाडीने येतो, संध्याकाळी पोथी वाचतो, मी ऐकतो. रात्री तो मला बोलायला लावत नाही, पहाटे मी त्याला उठवत नाही. काकड्याच्या वेळी एकटाच हळू आवाजात म्हणतो. ऊन वर आले, त्याची बोटे मोकळी झाली, की तो टाळ घेऊन शेजारी येऊन बसतो.

आपल्यापैकी जे कीर्तनकार आहेत त्यांना माझी विनंती आहे. यापुढे कूर्मदास लावाल तेव्हा लऊळला थोडा मुक्काम करा. समोर बसलेल्यांत कोणीतरी असा असतो की ज्याचे दुखणे दिसत नाही आणि ज्याला निरोप द्यायचा असतो. त्याला तो देता येईल, असे कीर्तन करा.

रामकृष्णहरि.